बघणारीला आत ने

आता तुझ्या खांद्यावर आशाची पिशवी आली. बाळंतपणं, डोस, बीपी-शुगरची वही हे सगळं तुला ट्रेनिंगात शिकवलंय, त्यात मी काही घालायला नको. पण गल्लीतली माणसं तुझ्याकडं आणखी एक दुखणं घेऊन येतील, तेही दिवेलागणीनंतर, मागच्या दारानं. पोराला फिट आली. सासऱ्याचं तोंड वाकडं झालंय. आई रात्री उठून गाठोडं बांधते, मला माझ्या घरी सोडा म्हणते. मेंदूचं दुखणं म्हटलं की संकेश्वरात काय, गडहिंग्लजात काय, घर आधी दार लावून घेतं आणि मग त्याला डॉक्टर आठवतो. त्याबद्दल तुझ्या आत्याचे चार शब्द ऐकून ठेव. नर्सिंगच्या नोकरीत जे बघितलं तेच सांगते, वाचलेलं मधेमधे घालते.

हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. कावीळ झाली तर रक्तात दिसते. मेंदूचं तसं नाही गे. कितीतरी आजारांत एमआरआय एकदम स्वच्छ येतो आणि माणूस तर आजारी असतो. घराचा फोटो काढला तर भिंती दिसतात, आतलं भांडण दिसत नाही, त्यातली गत. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आधी नुसता विचारत बसतो. कधी सुरू झालं, कुठल्या बाजूनं, आधी काय झालं, मग काय झालं. आपली माणसं इथंच चिडतात. ‘एवढे पैसे घालून स्कॅन काढून आणलाय, तो बघा की, आम्हाला काय विचारताय!’ त्यांना कळत नाही की निदान त्या विचारण्यातच ठरत आलेलं असतं. गुडघ्यावरची हातोडी, डोळ्यात मारायची बॅटरी, स्कॅन, ईईजी हे सगळं त्यानंतर, झालेल्या संशयाची खात्री करायला.

आणि डॉक्टरापुढं आत कोण जातं? ज्याच्याकडं गाडी आहे तो. जावई, थोरला मुलगा, नाहीतर बेळगावात नोकरीला असलेला पुतण्या. त्यानं दुखणं बघितलेलंच नसतं, त्याला फोनवर कळलेलं असतं. जिनं बघितलंय ती सून, ती शाळकरी नात, तो रानातला गडी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले असतात.

एका म्हाताऱ्यांना असंच आणलं होतं. जावई पुढं होऊन सांगत होते, चक्कर येते, अशक्तपणा आहे, बाटली लावा. बीपी थोडं जास्त, बाकी काही नाही. सून दाराशी उभी होती. तिला मी सहज विचारलं, जेवण कसं आहे? ती पदर सावरत म्हणाली, दोन दिवस झाले, मामंजी ताटातली डावीकडची चटणी-लोणचं शिवत नाहीत. समोर वाढलेलं असतं आणि विचारतात, चटणी वाढायची राहिली काय? हे डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि ते खुर्चीतून उठलेच. म्हाताऱ्यांना जगाची डावी बाजूच कळेनाशी झाली होती. उजव्या मेंदूला झटका आला की असं होऊ शकतं. सीटीत तेच निघालं. रोज ताट वाढणाऱ्या बाईशिवाय हे कुणाला दिसणार होतं, सांग.

म्हणून तू कुणालाही पुढं पाठवशील तेव्हा बघणारीला आत ने. एकच माणूस आत सोडतो म्हणाले तर जावयाला बाहेर बसव. रागावले तर रागावू देत.

आता घाईच्या दुखण्याचं सांगते. लकवा म्हणोत, अर्धांग म्हणोत, वारं गेलं म्हणोत, ते अचानक येतं ही त्याची खूण. देठं खुडायला मिरचीच्या ढिगाशी बसलेली बाई बोलता बोलता अडखळते, हातातली मिरची गळते आणि तिला पत्ताही नसतो. अशा वेळी तिला दात दाखवायला सांग, तोंडाचा एक कोपरा खाली राहतो का बघ. दोन्ही हात समोर उचलून धरायला लाव, दहापर्यंत मोज, एक हात आपोआप खाली येतो का बघ. ‘हिरण्यकेशीला पाणी चढलंय’ असलं काहीतरी म्हणायला लाव, जीभ जड झाली असेल तर तिथंच कळतं. एकदम तोल जाणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, हेही त्यातच धर. मशीन जवळ असेल तर बोटातनं शुगरही बघून टाक. साखर फार उतरली तरी माणूस असाच बरळतो, एक बाजू लुळी पडल्यासारखी होते, आणि साखर मिळाली की उठून बसतो. पण जो गिळू शकत नाही त्याच्या तोंडात काही घालायचं नाही, साखर नाही आणि पाणीसुद्धा नाही.

मग घड्याळ बघ. लोक सांगतात, सकाळी सहाला उठवायला गेलो तर हात हलेना. सहाची वेळ डॉक्टरच्या कामाची नाही. शेवटचं धडधाकट कधी बघितलं होतं? रात्री दहाला झोपले? की तीनला लघवीला स्वतः उठून गेले? तीनला गेलेले कुणी पाहिले असतील तर तीन धरतात, आणि त्या पाच तासांच्या फरकावर सगळं अवलंबून असू शकतं. कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी शीर तुंबली असेल तर मांडीतल्या शिरेतून नळी घालून गुठळी ओढूनही काढतात. त्याला काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत मुदत मिळते, पण ती सोय मोठ्या ठिकाणीच. रात्री तीनला कोण उठलं होतं हे घरात कुणाला माहीत असतं? बहुतेक म्हातारीला. तिला कुणी विचारत नाही.

झटका गुठळीचा आहे की शीर फुटून रक्तस्राव झालाय, हे बाहेरून बघून मोठा डॉक्टरही सांगू शकत नाही. दोन्हींत हात तसाच पडतो, तोंड तसंच वाकतं. सीटी स्कॅन पाच मिनिटांत सांगतो. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या विंबल्डनमधल्या एका इस्पितळात माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी निघाला. त्याआधी कवटीच्या आतलं बघायला पाठीतून हवा सोडून एक्स-रे काढायचे, आणि माणूस पुढं कित्येक तास डोकं धरून ओरडायचा. ते मशीन काढणाऱ्या हाउन्सफील्डला १९७९ साली कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. गुठळी की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही, म्हणून सीटी होईपर्यंत अॅस्पिरिनची गोळी कुणाला देऊ द्यायची नाही. छातीत दुखल्यावर ती देतात हे ऐकून शहाणी माणसं इथंही देतात. आत शीर फुटलेली असेल तर त्या गोळीनं रक्त आणखी वाहील.

हे सगळं संकेश्वरासारख्या हायवेवरच्या गावात राहून कळायला हवं. बेळगाव पन्नासेक किलोमीटर, कोल्हापूर त्याहून थोडं लांब. निघण्याआधी फोन लावायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: सीटी आत्ता चालू आहे काय, आणि गुठळीचं इंजेक्शन आत्ता मिळेल काय. दोन्हीला हो म्हणेल तिकडं जायचं. वाटेत जिथं सीटी नाही तिथं ‘आधी जरा दाखवून घेऊ’ म्हणत थांबायचं नाही. बाटली लावून दोन तास ठेवून घेतात आणि मग पुढं न्या म्हणतात. आपल्याकडं पारव्याचं रक्त चोळा सांगणारे आहेत, तेल लावून ओढणारे आहेत. त्यांच्याशी वाद घालत बसू नको, तासभर जाईल. ‘परत आल्यावर चोळू’ म्हण आणि गाडीत बसव.

एक गोष्ट मात्र हमखास फसवते. दहा मिनिटं हात लुळा पडला, बोलणं गेलं, आणि चहा होईपर्यंत सगळं पहिल्यासारखं झालं. घर म्हणतं, देवाची कृपा. ती पुढच्या मोठ्या झटक्याची वर्दी असते, आणि पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. त्याच दिवशी पाठव. नंतर घरी गेलीस की बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागून बघ. ‘बरं वाटलं म्हणून बंद केल्या’ हे वाक्य तुला पाठ होईल. आणि निपाणीचा तंबाखू ज्या घरात तळहातावर मळला जातो तिथं तंबाखूबद्दल बोलायची लाज बाळगू नको.

फिटचं वेगळं आहे. फिट बघायला भीती वाटते, पण ती येताना तुझ्या हातात करण्यासारखं फार थोडं असतं आणि न करण्यासारखं फार. चप्पल हुंगवू नको, कांदा नको, हातात किल्ल्या नकोत, दातांमध्ये चमचा तर अजिबात नको. चमच्यानं दात मोडतात, जीभ तरी चावली जातेच. आजूबाजूचं टोकदार सरकव, डोक्याखाली टॉवेल ठेव, झटके थांबले की कुशीवर वळव म्हणजे लाळ बाहेर येईल. पाच मिनिटांवर गेली, किंवा एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८. एवढंच. उरलेला वेळ बघण्यात घाल. आणि घरातल्या एका पोराच्या हातात मोबाईल दे, शूटिंग काढ म्हण. बायका म्हणतील, असल्या वेळी फोटो काय काढतेस! त्यांना सांग, डॉक्टरला ईईजीच्या पट्टीपेक्षा हे दोन मिनिटांचं शूटिंग जास्त सांगतं.

बघायचं काय? सुरुवात कुठून झाली, तोंडाच्या एका कोपऱ्यातनं, एका बोटातनं, की एकदम सगळं अंग? डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? मान कुठल्या बाजूला वळली? चेहरा निळा पडला का, लघवी झाली का, जीभ कडेला चावली का? संपल्यावर लगेच उठून बोलला, की अर्धा तास भ्रमिष्टासारखा बसला? उन्हात उभं राहून पोरगी डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडली आणि पडल्यावर दोन झटके दिले, तर ती बहुतेक नुसती घेरी असते. डोळे घट्ट मिटून, मान नाही-नाही अशी हलवत अर्धा-अर्धा तास चालणारं बऱ्याचदा मनाच्या ताणातनं आलेलं असतं. ते सोंग म्हणून तिला चापट मारायची नाही. ते सुद्धा आजारच आहे, त्याचा डॉक्टर वेगळा. आणि एखादं पोर वर्गात पाच-दहा सेकंद टक लावून थिजतं, मग पुढचं वाक्य वाचायला लागतं. मास्तर म्हणतात लक्ष नाही. तीही फिट असू शकते. तिला बघणारी बहुतेक बाकावरची मैत्रीण असते.

ईईजीचं एक नीट समजून घे, कारण यावर घरात भांडणं होतात. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९२९ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेची नोंद छापली, तिथून हे तंत्र सुरू झालं. डोक्याला तारा लावतात, शॉक देत नाहीत, उलट मेंदूतली बारीक वीज टिपतात. पण ती तारा लावलेल्या अर्ध्या-पाऊण तासाचीच. फिटचा आजार असलेल्या साधारण निम्म्या माणसांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, गोळ्या कशाला?’ असं कुणी विचारलं तर हे सांग.

स्कॅनमध्ये कधी कधी एक बारीक पांढरी गाठ निघते आणि डॉक्टर म्हणतात, जंताचं अंडं मेंदूत गेलंय. आपल्या देशात फिट येण्याचं ते एक मोठं कारण. माळकरी घर हे ऐकून हादरतं, आम्ही अंडंसुद्धा खात नाही म्हणतात. डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही हे होतं. ज्या माणसाच्या पोटात तो पट्टकृमी आहे त्याच्या शौचातनं अंडी मातीत जातात, तिथनं कोथिंबिरीवर, मेथीवर, न धुतलेल्या हातांवर. भाजी धुण्याचा आणि संडासाचा विषय तुझ्या वहीत आधीच आहे, तो इथं जोड. ती गाठ बहुतेक वेळा औषधानं किंवा आपोआप विरते. कॅन्सर म्हणून घर रडत बसायला नको.

आपल्या कर्नाटकातली एक चीज तुला शिकवली नसेल. डोक्यावरनं कडकडीत पाणी ओतलं की फिट येते, एरवी येत नाही. म्हैसूरकडं अशी माणसं बरीच, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स इस्पितळाच्या डॉक्टरांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. बंब पेटवून डोक्यावरनं भडाभडा पाणी घ्यायची आपलीही सवय. एखादं पोर न्हाणीघरातच पडत असेल तर न्हाऊ घालणारीला विचार, पाणी किती गरम, डोक्यावरनं की अंगावरनं. त्यातल्या कितीतरी जणांना कोमट पाणी आणि डोकं वेगळ्या वेळी धुणं एवढ्यावर भागतं, काहींना गोळी लागते.

गोळ्यांनी दहातली सातेक माणसं फिटशिवाय राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग लपवायचं कशाला? लग्नासाठी. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट हा लग्नातला अडथळा म्हणून लिहिलेला होता. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. पुण्याच्या यशोदा वाकणकरांची संवेदना संस्था फिट येणाऱ्या मुलामुलींची लग्नं उघडपणे जुळवते. आपल्याकडं अजून मुलगी बघायला येणार म्हणून त्या दिवसाची गोळी चुकवतात, आणि ती नेमकी हळदीत पडते. तू एकच बघ: लग्न ठरलेल्या किंवा दिवस राहायच्या वयातल्या मुलीच्या पाकिटावर व्हॅल्प्रोएट लिहिलंय काय. पोटातल्या बाळाला ते बाधतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, त्यानं फिट उसळते. पण दिवस राहण्याआधी डॉक्टरकडं नेऊन बदलून घ्यायची, आणि फोलिक अॅसिड विचारायचं.

तापात लहान लेकराला आलेली आकडी वेगळी. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांत ती होते आणि बहुतेकांना पुढं काही होत नाही. पण पोर ताप उतरल्यावरही गुंगीत असेल, मान ताठ असेल, दूध ओढत नसेल, तर मेंदूज्वराची शंका धरून पळायचं. तिथं डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतील आणि आजी आडवी पडेल, ‘पाणी काढलं की पोर लुळं होतं.’ मणक्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. पोरं लुळी होतात ती पाणी काढलं म्हणून नव्हे, पाणी काढायला उशीर केला म्हणून. तू आजीजवळ बस आणि हे सावकाश सांग. डॉक्टरला तेवढा वेळ नसतो.

विसरण्याबद्दल लोक दोन टोकं गाठतात. म्हातारपण म्हणून सोडून देतात, नाहीतर चष्मा विसरला तरी अल्झायमर म्हणून घाबरतात. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलोइस अल्झायमर ऑगुस्टे डेटर नावाच्या पन्नाशीच्या बाईंसमोर बसले आणि त्यांनी काय केलं? प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय. नवऱ्याच्या नावालाही त्या स्वतःचंच नाव सांगत होत्या. त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला तो त्या वारल्यावर, १९०६ मध्ये. आजही डॉक्टर वार विचारतात, महिना विचारतात, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत मागतात, घड्याळाचा चेहरा काढायला लावतात. ज्यांनी पाटीच हातात धरली नाही त्यांना घड्याळ काढायला लावून काय होणार! तिथं घरच्यांचं सांगणंच मोजमाप. बाजारात मिरचीचा हिशेब पूर्वी तोंडी करायचे, आता करतात का? मठाच्या रस्त्यानं घरी एकटे येतात का? भाजीत मीठ दोनदा पडतं का? कधीपासून, आणि हळूहळू की पायरी-पायरीनं?

एका रात्रीत बरळायला लागलेलं माणूस मात्र विसरण्याचं नव्हे. काल धड होते आणि आज कपडे फेकतायत, भिंतीवर माणसं दिसतायत, तर लघवीतला जंतू, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम हे आधी शोधतात. तो दवाखान्याचा मामला, त्याच दिवशीचा. आणि हळूहळू विसरणाऱ्यांचंही रक्त तपासल्याशिवाय शिक्का मारू नको: बी-१२ आणि थायरॉइड यांत दोष निघाला तर औषधानं सुधारणा होऊ शकते. महिना-दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडले होते का, हे विचारायचं विसरू नको. म्हाताऱ्या डोक्यात त्या वेळी सुटलेलं रक्त सावकाश साठतं, आणि माणूस आठवड्या-आठवड्यानं मंद होत जातो. एक छोटं ऑपरेशन करून ते काढलं की पुन्हा पेपर वाचायला लागलेले मी बघितलेत.

हात थरथरण्याचं थोडक्यात सांगते. मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो आणि कप उचलला की थांबतो, चाल आखडते, एक हात चालताना झुलत नाही, सही बारीक होत जाते, तर कंपवाताची शंका. कप तोंडाशी नेतानाच थरथरत असेल तर बहुतेक दुसरंच काही. कंपवात पकडणारी रक्ताची तपासणी रोजच्या दवाखान्यात नाही. जेम्स पार्किन्सननं १८१७ साली सहा माणसांवरून हा आजार लिहिला, त्यातली काही तर त्यानं नुसती रस्त्यानं जाताना पाहिलेली. आजही डॉक्टर तुम्हाला दारातून खुर्चीपर्यंत चालताना बघतो तेव्हाच त्याची निम्मी तपासणी झालेली असते. पण त्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून पुढ्यात ठेवायला लाव. चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतलेली सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रमाइड यांनी हुबेहूब असाच कंप येतो. त्या बंद केल्यावर कित्येकांचा तो काही महिन्यांत जातो. आणि खराच कंपवात निघाला तर पुण्याच्या पार्किन्सन मित्रमंडळाचं नाव सांग. तिथली माणसं एकमेकांना सांभाळतात.

आता मनाची दुखणी. कानात आवाज येतात, कुणी माझ्यावर पाळत ठेवतंय, महिनाभर पोरगा न्हाला नाही, बोलत नाही. यात स्कॅनमध्ये काही दिसत नाही, ऐकून आणि बघूनच निदान होतं. धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ आहे, फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट, कन्नड-मराठी दोन्हींत. देवाला नेऊ नका असं कुणाला सांगू नको, ते घर तुझ्या हातून जाईल. ‘देवालाही जा, आणि जाताना रात्रीची गोळी बरोबर ठेवा’ एवढं म्हण. भगताकडं साखळीनं बांधून ठेवलेलं दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही, पीएचसीच्या डॉक्टरला त्याच दिवशी कळवायचं.

फाइलचं तुला सांगायला नको, तरी सांगते. पहिल्या पानावर तारखेनिशी चार ओळी: काय झालं, कधी, कुणी बघितलं. बघणारीच्या फोनचा नंबर. जुन्या स्कॅनची सीडी टाकू द्यायची नाही, नवीन डॉक्टरला जुनं-नवं शेजारी ठेवून बघायचं असतं. पुन्हा एमआरआय काढा म्हणाले तर ‘यातनं काय नवं कळेल?’ एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर सांगतो.

पैशाचं: बीपीएल कार्डाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आधी सरकारी दवाखान्याचं पत्र लागतं, ते तातडीच्या वेळी सोडून. कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले योजना लागू केल्याचं जाहीर केलंय. कुणाचं गाव त्या यादीत आहे का, ते आधी विचारून मगच पाठव, नाहीतर कागदासाठी परत फेरी पडेल. निम्हान्सच्या मदतीनं राज्यानं २०२२ पासून मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम काढलाय, जिल्हा रुग्णालयात त्याचं क्लिनिक कुठल्या वारी असतं ते बेळगावला फोन करून लिहून ठेव.

आणि वहीत एक वेगळं पान कर, फिटच्या गोळ्यांचं. कुणाच्या कधी संपतात ते लिही आणि आठ दिवस आधी स्वतः दारात जाऊन उभी राहा. दिवाळीला, जत्रेला आणि कारखाना सुरू झाल्यावर ऊसतोडीच्या फडात गेल्यावर, या तीन वेळा गोळी हमखास चुकते. फडात जाणाऱ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून दे, आणि मुकादमालाही सांगून ठेव की या गड्याला विहिरीवर एकटं पाठवू नको.